हायलाइफ म्हणजे चैन की संगीत?

तुम्ही लागोसमध्ये घडणाऱ्या, १९६० च्या आसपासच्या एका कथेचा मराठी अनुवाद करताय आणि एका वाक्यावर अडलाय. बँड ‘हायलाइफ’ सुरू करतो आणि इतका वेळ कोपऱ्यात बसलेला कारकून उठून नाचायला लागतो. कोशात तुम्हाला दोन अर्थ मिळाले. एक, श्रीमंतांचं झगमगीत, चैनीचं जगणं. दोन, जॅझचा प्रभाव असलेलं पश्चिम आफ्रिकेतलं नृत्यसंगीत. यातला कुठला घ्यायचा, आणि दुसरा घेतला तर सरळ ‘आफ्रिकन जॅझ’ म्हणून मोकळं व्हावं का, असा तुमचा प्रश्न आहे.

छोटं उत्तर आधी देतो, म्हणजे काम खोळंबणार नाही. तुमच्या वाक्यात संगीतच आहे. शब्द ‘हायलाइफ’ असाच ठेवा. ‘आफ्रिकन जॅझ’ मात्र लिहू नका. का ते सांगायला थोडा वेळ लागेल, कारण कोशात एकाखाली एक छापलेले ते दोन अर्थ एकमेकांना परके नाहीत. पहिल्याच्या पोटातून दुसरा आलाय. तो कसा आला हे कळलं की तुमचा कारकून नेमका त्याच वेळी का उठला, हेही उलगडेल.

मी गिटार वाजवतो आणि शिकवतो. मधली काही वर्षं नोकरीच्या निमित्ताने घानात, टेमा बंदराच्या औद्योगिक भागात काढली. राजधानी अक्रा तिथून जवळच. आठवडाभर कारखाना आणि शनिवार-रविवारी तिथल्या वादकांबरोबर गिटार, असा क्रम होता. लग्नं, चर्च, आणि अंत्यविधीनंतरचे मेळावे, जे घानात लग्नाइतकेच मोठे आणि वाजतगाजत होतात. म्हणजे मी जे सांगणार ते वादकाच्या बाजूने. वाचन आहे, पण ते नंतरचं.

कथा नायजेरियातली असली तरी हायलाइफचं माहेर घाना. तेव्हा ती गोल्ड कोस्ट नावाची ब्रिटिश वसाहत होती. १९२० च्या दशकातली तिथली किनाऱ्यावरची शहरं डोळ्यांसमोर आणा: अक्रा, केप कोस्ट, सेकोंडी. इंग्रजी शिकलेला एक आफ्रिकी वर्ग तिथे तयार झाला होता. वकील, डॉक्टर, व्यापारी, वरच्या हुद्द्यांवरचे नोकरदार. त्यांचे क्लब होते. अक्रातला रॉजर क्लब १९०४ सालचा. तिथे संध्याकाळी वॉल्ट्झ, फॉक्सट्रॉट, रॅगटाइम असे युरोप-अमेरिकेतले नाचाचे प्रकार चालत. वाजवायला जॅझ किंग्ज, केप कोस्ट शुगर बेबीज, पुढे अक्रा ऑर्केस्ट्रा असे नोटेशन वाचून वाजवणारे वाद्यवृंद असत.

आत जायचं तर साधारण साडेसात शिलिंग मोजावे लागत. अंगावर पूर्ण इव्हिनिंग ड्रेस हवा, आणि ऐपत असेल तर डोक्यावर उंच हॅटही. ज्यांच्याकडे यातलं काहीच नव्हतं ते क्लबच्या भोवती गर्दी करून उभे राहात, आतलं ऐकत आणि दिसेल तेवढं बघत. ही हकिकत येबुआ मेन्सा या जुन्या बँडप्रमुखांनी संगीताचे इतिहासकार जॉन कॉलिन्स यांना सांगितलेली आहे. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे ‘हायलाइफ’ हे नाव ठेवलं ते या बाहेरच्या लोकांनी. आतली जोडपी ज्या थरातली होती तिथे आपण पोचणार नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

आता यातली खरी गंमत. हे नाव वॉल्ट्झला पडलं नाही, फॉक्सट्रॉटलाही नाही. हे वाद्यवृंद अधूनमधून एखादी तिथलीच धून घेत, रस्त्यात आणि ताडीच्या दुकानांत गायली जाणारी, आणि तिला व्हायोलिन-ट्रम्पेटचा साज चढवून वाजवत. नाव पडलं ते या धुनांना. म्हणजे बाहेर उभ्या असलेल्या माणसाला आतून त्याचंच गाणं ऐकू येत होतं, फक्त ते ऐकायला आता साडेसात शिलिंग आणि काळा कोट लागत होता. ‘मोठ्यांचं काय बाबा!’ म्हणताना आपल्याकडे जो सूर लागतो, तो या नावात मला ऐकू येतो. त्यात हेवा आहे, टोमणा आहे आणि ‘धून आमची आहे बरं का’ ही आठवणही आहे. यातलं किती काय, हे आज कोणी ठरवू शकणार नाही. पण नाव आतल्यांनी मिरवण्यासाठी घेतलेलं नाही एवढं नक्की, आणि चैन या अर्थापासून संगीत या अर्थापर्यंतचा पूल तो हाच.

मग या रस्त्यावरच्या धुना आल्या कुठून? इथे जॅझचा अजून पत्ताच नाही.

एक धागा लष्करी बँडचा. किनाऱ्यावर युरोपियनांचे किल्ले होते आणि किल्ल्यांत पितळी वाद्यांचे बँड. १८७० च्या दशकापासून ब्रिटिशांनी अशांटी राज्याशी लढण्यासाठी वेस्ट इंडीजमधले सैनिक आणून केप कोस्ट आणि एल्मिनाला ठेवले. हे सैनिक फावल्या वेळात स्वतःच्या कॅरिबियन धुना वाजवत. काळी माणसं त्याच ट्रम्पेटवर मार्च सोडून स्वतःचं काहीतरी वाजवतायत, हे पाहणं स्थानिक वादकांना पुरेसं होतं. त्यातून ‘अडाहा’ नावाचा नाचरा प्रकार निघाला. ज्या गावांना पितळी वाद्यं परवडत नव्हती तिथे १९३० च्या दशकात नुसते ढोल आणि गळे घेऊन तोच तोरा करणारी ‘कोंकोमा’ मंडळं निघाली. आपल्याकडे पलटणीच्या बँडमधलं क्लॅरिनेट आणि युफोनियम वरातीत येऊन लावणीची चाल वाजवू लागलं, त्यातलाच हा प्रकार.

दुसरा धागा गिटारचा, आणि तो मला जास्त जवळचा. पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर ये-जा करणाऱ्या जहाजांवर लायबेरियातले क्रू जमातीचे खलाशी काम करत. गिटार बंदरोबंदरी पोचवली ती प्रामुख्याने त्यांनी. त्यांनी नुसतं वाद्य आणलं नाही, हातही आणला. उजव्या हाताची फक्त दोन बोटं वापरायची. अंगठा खालच्या तारांवर चालत राहतो, तर्जनी वरच्या तारांवर ठेक्याच्या अधल्यामधल्या जागा भरते. ऐकणाऱ्याला वाटतं दोन गिटारी वाजतायत. बंदरातल्या ताडीच्या दुकानांत हे वाढलं, म्हणून त्याला ‘पाम-वाइन’ म्हणतात. क्वामे असारे हे किनाऱ्यावरच्या फँटी समाजातले गिटारवादक असंच एका क्रू खलाशाकडून शिकले. १९२८ मध्ये त्यांचं ‘कुमासी ट्रिओ’ हे त्रिकूट लंडनला गेलं आणि झोनोफोन कंपनीसाठी रेकॉर्ड केलं. त्यातलं ‘या अंपोन्सा’ हे गाणं पुढच्या सगळ्या हायलाइफचा साचा ठरलं. आजही घानात गिटार शिकायला बसलात तर पहिला धडा तोच मिळतो, आणि कितीतरी नवी गाणी खरवडली तर खाली तेच निघतं. पॉल सायमन या अमेरिकी गायकाने १९९० च्या अल्बममधल्या एका गाण्यात त्याचा आधार घेतला, तेव्हा ही चाल कोणा एकाची की साऱ्या देशाची, असा प्रश्न घानात सरकारपर्यंत गेला. आधार इतका खोल असेल तर मालकी ठरवणं अवघड जाणारच.

कान तयार करायचा असेल तर एक करून बघा. एका आवर्तनाचे १६ सारखे बारीक भाग करा आणि १, ४, ७, ११, १३ या जागांवर टाळी द्या. बऱ्याच हायलाइफ रेकॉर्डवर लाकडी काठ्यांवर किंवा घंटेवर ही चौकट चाललेली सापडेल. क्यूबातल्या संगीतातही हीच आहे, कारण मुळात ती आफ्रिकेतूनच तिकडे गेली होती. या चौकटीवर दोन गायक असले की एक ‘सा’ म्हणाला तर दुसरा ‘ग’ धरून त्याच्या सोबतीने चालतो. घानातल्या अकान लोकांची ही जुनी गायकी. कॉर्ड तीन-चारच असतात, पण त्या मात्रेवर न बसता मात्रेच्या थोड्या आधी येऊन थांबतात, आणि नाचणाऱ्याला पुढे ढकलणारी गोष्ट तीच आहे. माझ्याकडे जॅझ शिकून आलेले विद्यार्थी हायलाइफ वाजवायला घेतात तेव्हा जोड्यांमधली पहिली नोट लांब आणि दुसरी आखूड करतात. जॅझचा झोका तोच. मी त्यांना तो काढून टाकायला लावतो. इथे नोटा सरळ, सारख्या लांबीच्या. झोका घंटेत आहे, बोटांत नको.

आता जॅझकडे येऊ. कोश खोटं बोलत नाही, पण ‘जॅझचा प्रभाव’ म्हणताना तो कधीचा आणि कशावरचा, हे सांगत नाही.

एक सावधगिरी आधी. त्या काळी आफ्रिकेत बँडच्या नावात ‘जॅझ’ असलं म्हणजे तिथे जॅझ वाजत होतं असं समजू नका. ‘नव्या वाद्यांचा, नव्या फॅशनचा नाचाचा बँड’ एवढाच अर्थ बऱ्याचदा असे. कांगोतला प्रसिद्ध ‘ओके जॅझ’ १९५६ मध्ये सुरू झाला आणि त्याने जन्मभर रुंबा, म्हणजे क्यूबन वळणाचं नृत्यसंगीत वाजवलं. १९२० च्या दशकातले ‘जॅझ किंग्ज’ही प्रामुख्याने बॉलरूमचं संगीत वाजवणारे.

खरा जॅझ आला दुसऱ्या महायुद्धात. गोल्ड कोस्टचे सैनिक आपल्या बाजूला, ब्रह्मदेशच्या आघाडीवर लढायला आले, आणि उलट दिशेने ब्रिटिश आणि अमेरिकी सैनिक अक्रात येऊन राहिले. त्यांना स्विंग, म्हणजे नाचायचा जॅझ, हवं होतं. जॅक लेपर्ड नावाच्या एका स्कॉटिश सार्जंटने गोरे-काळे वादक एकत्र घेऊन बँड काढला. त्यात ई. टी. मेन्सा नावाचा तरुण होता, वर उल्लेख केलेल्या येबुआंचा धाकटा भाऊ. पेशाने औषधनिर्माता, हातात ट्रम्पेट आणि सॅक्सोफोन. युद्ध संपल्यावर ‘टेंपोज’ हा बँड त्याच्याकडे आला आणि १९४८ पासून तो त्याचा प्रमुख झाला. पुढे त्याला ‘हायलाइफचा राजा’ म्हणू लागले.

टेंपोजने काय केलं ते वादकाच्या नजरेने सांगतो. जुने बॉलरूम वाद्यवृंद मोठे आणि जड असत. टेंपोज लहान, स्विंग बँडच्या धर्तीवर. ट्रम्पेट-सॅक्सोफोनची फळी एकत्र छोटे, चटपटीत तुकडे वाजवणार, मध्ये एखाद्याने उठून सोलो घ्यायचा, मागे डबल बास आणि ड्रम. ही मांडणी जॅझची. गाय वॉरन हा त्यांचा ड्रमर लंडनला जाऊन आला तो कॅरिबियन आणि क्यूबन तालांची हौस आणि बोंगोंसारखी वाद्यं घेऊन. म्हणजे आफ्रिकेतून शेकडो वर्षांपूर्वी गेलेले ताल लंडनमार्गे घरी आले. पण खालची घंटा, ती सा-ग ची जोडी, तीन-चार कॉर्डची चाल, यांना कोणी हात लावला नाही. त्यामुळे मला विचाराल तर जॅझने हायलाइफला नवे कपडे शिवून दिले. सोलोही तिथे आखूड असतात. जॅझमध्ये सोलोसाठी गाणं असतं, हायलाइफमध्ये नाचणाऱ्यांना दम टाकता यावा म्हणून सोलो असतो, असं मला वाटतं. जॅझप्रेमी मित्रांना हे पटत नाही. न पटो.

देवाणघेवाण एकतर्फीही नव्हती. मे १९५६ मध्ये लुई आर्मस्ट्राँग अक्राला गेला तेव्हा विमानतळावर स्थानिक बँडांनी हायलाइफ वाजवून त्याचं स्वागत केलं, आणि त्यानेही ट्रम्पेट काढून सूर मिसळला. नंतर मेन्साच्या क्लबमध्ये दोघं एकत्र वाजले. गाय वॉरन अमेरिकेत गेला आणि तिथल्या जॅझवाल्यांना आफ्रिकी ढोल ऐकवून आला. पुढे अमेरिकी पियानिस्ट रँडी वेस्टन यांनी १९६३ मध्ये ‘हायलाइफ’ याच नावाचा अल्बम काढला. म्हणून ‘जॅझचा प्रभाव असलेलं’ लिहिताना हात थोडा आखडावा. प्रभाव दोन्हीकडून होता, फक्त कोश एकाच बाजूला बसून लिहिला गेला.

इथे मुंबईची आठवण येणं साहजिक आहे. त्याच काळात ताजमहाल हॉटेलच्या डान्स फ्लोअरवर गोव्याचे वादक हेच फॉक्सट्रॉट आणि वॉल्ट्झ वाजवत होते. साम्राज्य एकच, नाचाच्या रात्रीही बऱ्याचशा सारख्या. मग आपल्याकडे हॉटेलात हायलाइफसारखं काही का जन्मलं नाही? माझा अंदाज असा, की आपल्याकडे ते मिश्रण झालं, पण चित्रपटांच्या रेकॉर्डिंग स्टुडिओत. चिक चॉकलेट हा गोव्याचा ट्रम्पेटवाला रात्री हॉटेलात वाजवायचा आणि सी. रामचंद्रांच्या, म्हणजे आपल्या चितळकरांच्या, गाण्यांतही. ‘अलबेला’ची १९५१ मधली गाणी ऐका. तिथे मिश्रण थेट चार आण्यांच्या प्रेक्षकापर्यंत पोचलं, म्हणून बाहेर उभं राहून नाव ठेवायची वेळ कोणावर आली नाही.

आता तुमच्या लागोसकडे. १९५० च्या सुरुवातीला टेंपोजने नायजेरियाचे दौरे केले आणि तिथले बँड हायलाइफकडे वळले. बॉबी बेन्सन, व्हिक्टर ओलाइया, रेक्स लॉसन ही त्यातली मोठी नावं. फेला कुटी हा आज जगभर माहीत असलेला गायक आधी ओलाइयांच्या बँडमध्ये होता. लंडनला संगीत शिकून परतल्यावर १९६० च्या दशकात ‘कूला लोबिटोज’ घेऊन तो हायलाइफ आणि जॅझ एकत्र वाजवत होता. नंतर त्याने त्यातून ‘आफ्रोबीट’ काढला. ‘जॅझचा प्रभाव असलेलं’ हे विशेषण कोणाला हवंच असेल तर ते या तुकड्याला सगळ्यात नीट बसतं.

तुमचा कारकून ज्या क्लबात बसलाय तिथला बँड एका रात्रीत एकच प्रकार वाजवत नसे. वॉल्ट्झ, क्विकस्टेप, कॅलिप्सो, चा-चा आणि हायलाइफ आलटूनपालटून. वॉल्ट्झ आणि क्विकस्टेपची पावलं शिकावी लागतात, आणि ती शिकलेली माणसं विलायतेहून परतलेली, मोठ्या हुद्द्यांची. तेवढा वेळ कारकून बियर पुढ्यात घेऊन बसून राहणार. हायलाइफची पावलं शिकायला शाळा लागत नाही. घंटा सुरू झाली की ती त्याची असते. १९२० च्या दशकात तो क्लबच्या बाहेर उभा राहिला असता. १९६० मध्ये, नायजेरिया १ ऑक्टोबरला स्वतंत्र होत असताना, तो तिकीट काढून आत बसलाय, पण अर्धी रात्र तरीही त्याची नाही. बँड हायलाइफ धरतो तेव्हा तो उठतो. तुमच्या लेखकाने त्या एका क्रियापदात हे सगळं बसवलं असावं असा माझा तर्क आहे. कथा पूर्ण वाचलेली नाही, त्यामुळे तर्कच. मागेपुढे वॉल्ट्झचा किंवा परदेशातून परतलेल्या साहेबांचा उल्लेख आहे का, ते तुम्ही बघून घ्या.

सगळ्याच हायलाइफला मात्र हे लागू नाही, म्हणून साल आणि गाव आधी बघावं. घानातल्या जुन्या माणसांना नुसतं ‘हायलाइफ’ म्हणालात तर ते विचारतील, डान्स बँडचं की गिटार बँडचं? पहिलं शहरी, सूटबूटवालं. मेन्साचे टेंपोज, किंग ब्रूसचे ब्लॅक बीट्स, जेरी हॅन्सन यांचा रॅम्बलर्स, असे ते बँड. दुसरं गावोगाव फिरणारं. त्याच्या जोडीला रात्रभर चालणारं ‘कॉन्सर्ट पार्टी’ नावाचं विनोदी नाटक, ज्यात बायकांची कामंही पुरुषच करत. ई. के. न्यामे यांनी १९५० च्या दशकात गिटार बँड आणि हे नाटक यांची सांगड पक्की केली. गिटारवाल्यांची प्रतिष्ठा मात्र बेताची. गिटार म्हणजे ताडी, गिटार म्हणजे वाया गेलेला पोरगा, असं घरोघरी समीकरण होतं. म्हणजे ज्या संगीताचं नावच उच्चभ्रू, त्याच्या एका मोठ्या फांदीला उच्चभ्रू घरांत थारा नव्हता.

गिटार बँडांनी याचं उत्तर गाण्यांतून दिलं. आफ्रिकन ब्रदर्स बँडच्या नाना अंपाडू यांचं १९६७ मधलं ‘एबी ते ये’ हे गाणं घ्या. नावाचा अर्थ साधारण ‘काही जण नीट बसलेत’ असा. प्राण्यांची सभा भरलीये. बिबट्या मुद्दाम एका छोट्या हरणाच्या मागे बसतो आणि त्याची शेपटी दाबून धरतो. हरणाला बोलता येईना. शेवटी ते ओरडतं की बसण्याची व्यवस्था नीट करा, काही जण आरामात बसलेत, काहींना बसताच येत नाही. घानात तेव्हा लष्करी राजवट होती. प्राण्यांच्या गोष्टीआड कोण कोणाची शेपटी धरून बसलंय, हे ऐकणाऱ्यांना समजावून सांगावं लागलं नाही.

पुढे १९८१ च्या अखेरीस घानात पुन्हा लष्करी उठाव झाला आणि १९८२ पासून दोनेक वर्षं रात्रीची संचारबंदी होती. नाचाचा धंदा रात्रीचा, त्यामुळे क्लब बसले. काही वादक चर्चमध्ये गेले. मी ज्या चर्च-बँडमध्ये वाजवायचो तिथली स्तोत्रं म्हणजे शब्द बदललेलं अस्सल हायलाइफच होतं. काही वादक जर्मनीला गेले, खासकरून हँबर्गला, आणि तिथे सिंथेसायझर आणि ड्रम मशीन घालून नवा प्रकार निघाला: ‘बर्गर हायलाइफ’. जॉर्ज डार्को यांचं १९८३ मधलं गाणं त्याचा आरंभ मानतात. ‘बर्गर’ म्हणजे घानात परदेशातून पैसा करून परतलेला, भारी बूट-जॅकेट घालून मिरवणारा माणूस. पुन्हा तोच प्रकार बघा. साठ वर्षांनंतरही संगीताला नाव पडलं ते कोणाच्या तरी थाटावरून, आणि ते ठेवलं घरी राहिलेल्यांनी. ‘झगमगीत जगणं’ आणि ‘संगीत’ यांची ही गाठ एकदाच योगायोगाने पडलेली नाही, असं मी म्हणतो ते यामुळे.

थोडक्यात, तुमच्या मजकुरात साल १९२० च्या दशकातलं आणि गाव अक्रा असेल तर दोन्ही अर्थ एकाच शब्दात मिसळलेले असू शकतात आणि तळटीप द्यावीच लागेल. १९५० नंतरच्या लागोस किंवा अक्रात ‘हायलाइफ वाजवणं’, ‘हायलाइफवर नाचणं’, ‘हायलाइफची रेकॉर्ड’ असं काही असेल तर ते संगीत. ‘द हाय लाइफ जगणं’ असं दोन वेगळ्या शब्दांत आलं तर बहुतेक वेळा चैन, आणि तिथे मराठी शब्द हवा. कुठला, ते बोलणाऱ्यावर आहे. कौतुकाने बोलत असेल तर ‘थाट’, कुत्सितपणे असेल तर ‘ऐषबाजी’, तटस्थ असेल तर ‘चैनीचं जगणं’. पश्चिम आफ्रिकी लेखक मात्र दोन्ही अर्थांशी मुद्दाम खेळतात. एखादं पात्र पगाराच्या रात्री हायलाइफ ऐकायला जातं आणि सकाळी खिसा रिकामा, असा प्रसंग आला तर घाईने एक अर्थ निवडू नका. तिथे मूळ शब्द ठेवून शेजारच्या वाक्यात थाटाचा उल्लेख पेरता येईल.

तुमचं वाक्य मी असं केलं असतं: ‘बँडने हायलाइफ धरलं आणि इतका वेळ कोपऱ्यात बसलेला कारकून उठला.’ ‘धरलं’ हे क्रियापद पुरेसं आहे. ते संगीत आहे हे त्यातूनच कळतं, ‘नावाचं संगीत’ वगैरे जोडायची गरज नाही. तळटीप द्यायचीच असेल तर दोन ओळींत आटपा: ‘हायलाइफ: गोल्ड कोस्ट, म्हणजे आजच्या घानात उगम पावलेलं पश्चिम आफ्रिकी नृत्यसंगीत. १९२० च्या दशकात श्रीमंतांच्या क्लबबाहेर उभं राहून ऐकणाऱ्यांनी हे नाव दिलं, असं सांगतात.’ जॅझचा उल्लेख टिपेत नसला तरी चालेल. संपादकाने आग्रहच धरला तर ‘महायुद्धानंतर जॅझच्या बँडची मांडणी घेतलेलं’ एवढं लिहा आणि पुढच्या पानाकडे वळा.